सत्काराचा नारळ

कागदावर अध्यक्ष मी आहे. तुळसा, अंगणवाडी सेविका, मुक्काम टेपवाडी, तालुका पोलादपूर. सही माझी, फोटो माझा, आणि अलिबागला संस्था नोंदवायच्या ऑफिसात साहेबांपुढे पदराने घाम पुसत उभी राहिले तीही मीच. संस्था खरी कोणाची म्हणाल, तर माझ्या शेजारी उभं राहून "काकी, नाव पूर्ण लिही, टोपणनाव नको" असं मला दटावणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरीची.

ती श्रुतिका. माझ्या दिराची मुलगी. दीर-जाऊ नालासोपाऱ्याला राहतात. खोली एवढीशी, पोरीला अभ्यासाला कोपरा मिळेना, म्हणून पाचवीत असताना माझ्याकडे आणून सोडली, ती माझीच झाली. महाडच्या वकिलाकडे आम्ही गेलो तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला. म्हणाला, "बाळ, तुझी संस्था, पण तुला त्यात साधं सभासदही होता येणार नाही. अठरा पूर्ण लागतात. सात मोठी माणसं घेऊन ये." ही पोरगी तोंडाने फटकळ, माझ्यावरच गेलीय. तिने उत्तर दिलं, "माणसं मोठी आणते. काम आमी लहानच करनार हाव." वकिलाचं हसू मावळलं. मला मात्र आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या.

हे सगळं कशासाठी, तर डोलीसाठी. टेपवाडीला गाडीरस्ता नाही. गाडी खाली ओढ्यापर्यंत येते, तिथून वर उभी चढण. वाडीत कोणी आजारी पडलं की कळकाच्या बांबूला चादर बांधायची, माणसाला तिच्यात झोपवायचं आणि खांद्यावरून खाली न्यायचं. आमच्याकडे त्याची एक रीत होती. देवळापुढे सहाण आहे, पालखी टेकवतात तो चौथरा. त्यावर उभं राहून कोणीतरी साद घालायची, "खांद्याला याऽऽ." साद ऐकली की घरटी एक माणूस बाहेर पडलाच पाहिजे. हातातला घास ताटात ठेवायचा आणि निघायचं. भांडण असो, कोर्टात केस असो, डोलीला खांदा द्यायचाच. एखादं घर चुकलं, तर त्या घराने गावकीत सहाणेवर नारळ ठेवायचा. तो नारळ ज्याचं माणूस आजारी होतं त्याने फोडायचा. फोडला की विषय संपला, आणि नारळ ठेवणारं घर पुन्हा सादेला बांधलं गेलं. नाही फोडला, तर त्या घराशी वाडी बोलत नसे.

साद घालायची ती साळूबाईने. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण तिच्यासारखा आवाज दुसऱ्या कोणाला नव्हता. तिने इथून हाक मारली की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करायची. मी तिला चिडवायचे, "साळूमावशी, तुमी असताना मोबाईलचा टॉवर कशाला लागतोय?" तर म्हणायची, "टॉवरला रेंज जाते गो, मला नाय जात."

पण साद ऐकायला माणसं उरली कुठे? तरणीताठी सगळी मुंबईला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला. श्रुतिकाची वाडीतलीच मैत्रीण अंकिता, तिच्या आईचे दिवस भरले तेव्हा पुढे खांद्याला म्हातारा कुशाबा होता आणि मागे मी. उतारावर कुशाबाचा गुडघा गेला. कळक सुटला. बाई वाचली, बाळ वाचलं, देवाची कृपा. श्रुतिका तेव्हा दहावीत होती, पिशवी घेऊन बाजूने चालत होती. घरी आल्यावर तिने भाकरीला हात लावला नाही. "काकी, हे असं नाय चालायचं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, बोलतील पोरं, विसरतील.

ती विसरली नाही. पोलादपूरच्या कॉलेजात आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतली पोरं यायची, त्यांना तिने धरलं. अंकिता, हृतिक, आणखी चार-पाच. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने जुनं घडीचं स्ट्रेचर दिलं. एका नर्सताईने शनिवारी-रविवारी प्रथमोपचार शिकवले. सात मोठ्यांच्या सह्या झाल्या, कागद आला, संस्थेचं नाव ठेवलं 'सोबत'. कुठल्याही वाडीतून फोन आला की पोरं मोटारसायकलींवरून ओढ्यापर्यंत जायची, स्ट्रेचर घेऊन वर चढायची आणि माणसाला अलगद खाली आणायची. वर्षभरात कितीतरी जणांना आणलं. म्हातारी माणसं तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची.

आणि तिने देवळाच्या भिंतीवर निळ्या रंगाने, सुबक अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहिलं: 'तुम्ही फक्त फोन करा. बाकी आमच्यावर सोडा.' खाली तिचा नंबर.

वाडीने तेच केलं. बाकी सगळं त्यांच्यावर सोडलं.

साद थांबली. कोणी बंद केली नाही, तशीच थांबली. देवळाच्या आढ्याला टांगलेला डोलीचा कळक कोणीतरी गणपतीच्या मांडवाला लावला, तो परत आलाच नाही. साळूबाई मला एकदा म्हणाली, "घसा गंजला गो माझा." मी हसण्यावारी नेलं.

मध्ये एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी. मुरारी म्हणून आमच्या वाडीतला शेतकरी, साळूबाईचा शेजारी. अंगाने दणकट, मनाने मेणासारखा. एक पोरगं झाडावरून पडलं तेव्हा त्याने त्याला खांद्यावर टाकून पळवत खाली नेलं. पाठीला मार असता तर पोर जन्माचं अधू झालं असतं. श्रुतिकाने चार माणसांत त्याला झाडलं, "मुरारीकाका, रुग्णाला आपल्या मनानं हलवायचा नाय. आमी येईपर्यंत हात लावू नका." बोलली ते खरंच होतं. पण सतरा वर्षांच्या पोरीकडून चारचौघांत ऐकून घेताना मुरारीचा चेहरा उतरला. तो फक्त "बरं" म्हणाला.

त्या थंडीत महाडच्या एका युवा मंचाने 'सोबत'चा सत्कार ठेवला. हॉल, खुर्च्या, माईक, सगळा थाट. पोरांनी एकसारखे टीशर्ट घातले. आयोजकांनी सांगितलं होतं, स्ट्रेचर घेऊन या, स्टेजवर प्रात्यक्षिक दाखवू. म्हणून स्ट्रेचरही महाडला. सात सह्यावाले आम्ही, आम्हीही महाडला. अध्यक्ष म्हणून माझं नाव पुकारलं, मला शाल घातली, हातात नारळ दिला. मी तो तिथल्या तिथे श्रुतिकाच्या हातात कोंबला. म्हटलं, "घे, तुझा आहे." तिचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. तिची बॅग खुर्चीखाली होती. निवेदकाने मोबाईल बंद ठेवायला सांगितले होते, आणि तिने तो आवाज बंद करून बॅगेत टाकला होता. स्टेजवर हृतिक आजारी झाला, बाकीच्यांनी त्याला स्ट्रेचरवर घेतला, टाळ्या पडल्या.

त्याच वेळी टेपवाडीत साळूबाई अंगणात वाल निवडताना कलंडली. तोंड एका बाजूला गेलं, उजवा हात लुळा पडला.

वाडीत माणसं नव्हती असं नाही. मुरारी होता. एमआयडीसीला सुट्टी म्हणून... नाही, कशाला कारणं सांगायची? मुरारीसकट पाच धडधाकट गडी होते. त्यांनी तिला ओटीवर चादर घालून निजवलं, वारा घातला, आणि फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा केला. सहाणेवर जाऊन साद घालावी असं एकाच्याही मनात आलं नाही, आणि घालणार कोण? जिचा आवाज होता तीच आडवी पडली होती. पाच गडी ओटीवर बसून संस्थेची वाट बघत राहिले. ऊन अंगणातून मागच्या परसात गेलं तरी बसूनच.

जेवणं झाल्यावर श्रुतिकाने बॅगेतून फोन काढला. मुरारीचं नाव वरून खालपर्यंत. मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या हातातला नारळ खाली पडला आणि खुर्च्यांखाली गडगडत गेला. मीच वाकून तो उचलला आणि पिशवीत टाकला. काय डोकं चालतं माणसाचं अशा वेळी, मला नारळ सुचला.

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. पोरांनी साळूबाईला स्ट्रेचरवर घेतलं, पळत म्हणावं इतक्या वेगाने खाली आणलं, महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "सकाळीच का नाही आणलंत? लवकर आणलं असतं तर औषधाचा उपयोग झाला असता." मग मुरारीने हात जोडले. म्हणाला, "सायेब, आमी आपल्या मनानं हलवली नाय. हिनंच सांगितला होता." तो टोमणा नव्हता हो. त्याला खरंच वाटत होतं की निदान एवढं तरी आपण नीट केलं. टोमणा मारला असता तर पोरीला बरं वाटलं असतं.

साळूबाई जगली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून नुसता 'अं, अं' आवाज येतो.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. श्रुतिका रोज सकाळी साळूबाईकडे जायची, तिचं तोंड धुवायची, पेज भरवायची आणि तिथूनच कॉलेजची वाट धरायची. संस्थेचं काम चालूच होतं, फोन आला की पोरं जायची, पण हिच्या तोंडावरचं तेज गेलं ते गेलंच. तो टीशर्ट तिने पुन्हा घातला नाही. सत्काराचा नारळ मी देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवला होता, त्याला ती हात लावू देईना. एकदा चटणीला खोबरं नव्हतं, मी म्हटलं फोडू या तोच, तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी बिनखोबऱ्याची चटणी वाटली.

रडलीही नाही. रडली असती तर मी पोटाशी धरलं असतं. एक दिवस मलाच राग अनावर झाला. म्हटलं, "अगो, सगळ्या वाडीचा पाप तुझ्या एकटीच्या पदरात मावनार हाय काय? पाच गडी ओटीवर बसून होते, त्यांच्या खांद्यांना काय कीड लागली होती?"

ती म्हणाली, "काकी, त्यांचे खांदे मीच काढून घेतले. भिंतीवर मी लिहिला. मुरारीकाकाला मी बोलले. मी नसते तर त्यांनी तिला तासाभरात खाली नेली असती."

मी अध्यक्ष. उठून चुलीपाशी गेले आणि भाकरी थापायला लागले.

साळूबाईचा मुलगा भरत भांडुपला असतो, आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. आईला न्यायला आला होता, पण ती खाटेची कड सोडेना. मग एक बाई ठेवून दर महिन्याला येत राहिला. श्रुतिका समोर आली की तो मान वळवायचा. शिवी दिली नाही, बोल लावला नाही. पण तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

यंदा शिमग्याला सगळे मुंबईकर आले. पालखी नाचली, होम झाला, दुसऱ्या दिवशी सहाणेपुढे गावकी बसली. साळूबाईलाही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. मंडळाच्या लोकांनी विषय काढला, की श्रुतिका आता अठराची झाली, आपल्या वाडीची पोर पेपरात आली, तर तुळसाकाकीने खुर्ची सोडावी आणि पोरीला रीतसर अध्यक्ष करावं. मी म्हटलं, "सोडते, आत्ता सोडते, मला काय त्या खुर्चीचा हव्यास हाय?" लोक हसले.

श्रुतिका उठली. ओढणीखालून तिने तो नारळ काढला. सत्काराचा. शेंडीला अजून स्टेजवरचं कुंकू चिकटलेलं होतं. तो सहाणेवर ठेवला, डोकं टेकलं आणि म्हणाली, "मला अध्यक्ष नाय व्हायचा. त्या दिवशी आमचा घर सादेला चुकला. दंड घ्या."

हसणं जागच्या जागी विरलं. किती वर्षांत सहाणेवर कोणी नारळ ठेवला नव्हता. नवीन सुनांना तर ते काय आहे हेही ठाऊक नसेल. सगळे भरतकडे बघायला लागले, कारण फोडायचा तो त्याने.

भरत जागचा हलला नाही. म्हणाला, "हा मी फोडनार नाय."

पोरगी तशीच हात जोडून उभी. मी उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात भरत पुन्हा बोलला. आवाज चढवला नव्हता त्याने. "एकटीचा नाय घेनार. आजारी पडली तेव्हा वाडीत एकच घर होता काय?"

कोणी कोणाकडे बघेना. गाव करी ते राव न करी म्हणतात, पण गावाने केलं नाही तर कोणाचं नाव घ्यायचं, ते म्हणीत नाही. मग मुरारी उठला, चपला न घालताच घरी गेला आणि शिमग्याला आणलेला नारळ घेऊन आला. श्रुतिकाच्या नारळाशेजारी ठेवला. "मी शेजारी होतो," एवढंच बोलला आणि खाली बसला. मग त्या दिवशी ओटीवर बसलेले बाकीचे गडी उठले. मग मी उठले. मग कुशाबा, काठी टेकत. ज्यांच्याकडे नारळ नव्हता त्यांनी शेजाऱ्याकडून मागून आणला. सहाण भरत गेली.

सगळ्यांत शेवटी भरत स्वतः उठला. घरी गेला. परत आला तेव्हा त्याच्याही हातात नारळ होता. तो त्याने सहाणेवर ठेवला. म्हणाला, "आई आयुष्यभर साद घालत आली. आमच्या घरातनं खांद्याला कोन आला? बाबा गेल्यापासून कोनी नाय." आणि तो श्रुतिकाकडे वळला. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आता फोडतो."

भिंतीवरचं ते वाक्य दुसऱ्या दिवशी मुरारीने चुन्याने पुसलं. नंबर राहू दिला. त्याच्यावर श्रुतिकाने नवीन लिहिलं: 'आधी साद घाला. मग फोन करा.' डोलीचा नवा कळक आढ्याला टांगला आहे. पावसाळ्यात एकदा साद पडली, तेव्हा श्रुतिका महाडला परीक्षेला होती. घरटी माणूस बाहेर आला. आता साद अंकिता घालते. साळूबाईसारखी नाही, पण ऐकू जाते.

तर, भरतने एकेक नारळ फोडला. पाण्याने सहाण भिजली. श्रुतिकाचा शेवटी घेतला. इतके दिवस राहून तो आतून सुकला होता, पाण्याचा थेंब निघाला नाही, नुसता खोबऱ्याचा गोटा. भरतने सुरीने त्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. गोडसर, तेलकट खोबरं. वाडीने खाल्लं. माझं लक्ष पोरीकडे होतं. तिने आपला तुकडा मुठीत धरून ठेवला होता.

ती साळूबाईच्या खुर्चीपाशी जाऊन बसली आणि नखाने खोबऱ्याचा कीस काढायला लागली, म्हातारीला गिळता यावा म्हणून. चिमूटभर काढला आणि तिच्या ओठांशी नेला. साळूबाईने तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने पोरीचं मनगट धरलं, चाचपडत तिच्या बोटांतला कीस घेतला आणि तोच पोरीच्या तोंडाला लावला. अर्धा हनुवटीवर सांडला. "अं," म्हणाली, म्हणजे खा.

श्रुतिकाने खाल्लं. मग म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली, वर्षभराचं सगळं रडली. साळूबाई डाव्या हाताने तिचे केस मागे सारत होती, आणि तो हात सवयीचा नसल्यामुळे केस पुन्हापुन्हा तोंडावर येत होते.